एकटे राहताना एकाकी पडू नये म्हणून

‘एकट्यासाठी कुठे कुकर लावायचा’ हे वाक्य ज्या घरात वरचेवर ऐकू येऊ लागते, त्या घरात एकाकीपणा शिरला आहे असे खुशाल समजावे. दुपारी पोहे, रात्री दूध-पोळी, आणि मुलाचा फोन आला की ‘जेवण झाले, सगळे व्यवस्थित आहे’ हे ठरलेले उत्तर, असा दिनक्रम पुण्या-मुंबईतल्या, ठाणे-डोंबिवलीतल्या आणि आता नाशिक-कोल्हापूरच्याही कितीतरी फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षे चाललेला असतो. जोडीदार गेलेला असतो, मुले बंगळुरूला किंवा अमेरिकेत असतात, आणि जिथे वाडा किंवा चाळ होती तिथे उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीत शेजारच्या दारावरची पाटीसुद्धा कधी नीट वाचलेली नसते. हा लेख साठीच्या पुढच्या अशा व्यक्तींसाठी आणि त्यांच्या दूर राहणाऱ्या मुलांसाठी आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचा एकाकीपणा काही कमी खरा नाही, परंतु त्याची कारणे निराळी आणि उपायही निराळे, म्हणून तो विषय येथे घेतलेला नाही.

उणीव नेमकी कशाची आहे ते ठरवा

एकटे राहणे ही परिस्थिती आहे, एकांत ही निवड आहे आणि एकाकीपणा ही हवे असलेले नाते न मिळाल्याची वेदना आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये या वेदनेचे दोन प्रकार मांडले आणि ते आजही उपयोगी पडतात. एक उणीव जिवाभावाच्या माणसाची असते आणि दुसरी गोतावळ्याची. पती किंवा पत्नी गेल्यावर जी पोकळी निर्माण होते ती पहिल्या प्रकारची. आणि आयुष्य गिरगावात किंवा कसब्यात काढून मुलाच्या सोयीसाठी पनवेलला किंवा वाकडला राहायला गेलेल्या, एकमेकांना घट्ट धरून असलेल्या जोडप्याला जे जाणवते ते दुसऱ्या प्रकारचे. महत्त्वाची गोष्ट अशी की एका प्रकारची भरपाई दुसऱ्याने होत नाही. नुकतेच वैधव्य आलेल्या आईला ‘कुठेतरी मन रमव’ म्हणून दहा कार्यक्रमांना पाठवले तरी ती घरी येते तेव्हा घर तितकेच रिकामे असते, आणि तिच्या दुःखात आता कंटाळ्याची भर पडलेली असते. तिला आधी एक माणूस हवा असतो, ज्याच्याशी गेलेल्या माणसाविषयी बोलता येईल.

स्वतःची स्थिती तपासायला संशोधक जे तीन प्रश्न वापरतात, ते कुणालाही वहीत लिहून घेता येतील. सोबतीची उणीव तुम्हाला किती वेळा भासते, आपल्याला वगळले गेले आहे असे किती वेळा वाटते, आणि आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते. ‘क्वचितच’ असे उत्तर असेल तर १, ‘कधीकधी’ असेल तर २ आणि ‘बरेचदा’ असेल तर ३ गुण द्यावेत. बेरीज ३ ते ९ यांच्यामध्ये येते, आणि ६ किंवा त्याहून अधिक आली तर ती गांभीर्याने घ्यावी असे सर्वसाधारणपणे मानतात. वहीत तारीख घाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा उत्तरे लिहा; मधल्या काळात जे काही केले त्याचा उपयोग झाला की नाही, हे आठवणीवर विसंबून कळत नाही.

हे सगळे मनाचे खेळ आहेत असे म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले. मंत्री नेमून शेजारी मिळत नाही हे खरे. पण हा विषय रडगाण्याचा नसून आरोग्याचा आहे, इतके तरी त्यातून दिसते.

आधी कान तपासून घ्या

एकाकीपणावरच्या लेखात कानांचा विषय कशाला, असे वाटेल. परंतु लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या सभेत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणाऱ्या आणि विनोदावर इतरांच्या नंतर एका क्षणाने हसणाऱ्या कितीतरी मंडळींची खरी अडचण स्वभावाची नसून ऐकू येण्याची असते. चारचौघांत एकाच वेळी बोलणे चालू झाले की त्यांना शब्द सुटे करता येत नाहीत, दोनदा ‘काय म्हणालात’ विचारायचा संकोच वाटतो, तिसऱ्यांदा ते विचारतच नाहीत आणि चौथ्यांदा जातच नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ज्या बारा गोष्टी दिल्या आहेत, त्यांत कमी ऐकू येणे आणि माणसांशी कमी संपर्क असणे या दोन्ही आहेत. म्हणून चष्म्याचा नंबर जसा तपासतो तशी साठीनंतर श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्र आणले की पहिल्याच आठवड्यात ते कपाटात टाकू नये. भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर हे सगळे सुरुवातीला असह्य वाटते आणि मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. मोतीबिंदू आणि गुडघे यांनाही हेच लागू आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचा एकाकीपणा पुष्कळदा गुडघ्यापासून सुरू होतो.

त्याचप्रमाणे उदासी आणि नैराश्य यांतला फरक ओळखावा. सलग दोन आठवडे झोप, भूक आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर बागेत फिरायला जाणे हा उपाय पुरणार नाही, डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा ‘एल्डर लाइन’चा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवावेत.

जिथे तुमची गैरहजेरी लक्षात येईल अशी एक जागा

पुष्कळ सल्ले ‘माणसांत मिसळा’ या दोन शब्दांवर संपतात. मॉलमध्ये माणसे असतात, रेल्वे स्थानकावर असतात, नाट्यगृहात तर खच्चून असतात, पण तिथून परतताना कुणाचा एकाकीपणा कमी झालेला नसतो. माझ्या मते संख्येने काही साधत नाही. आठवड्यातून निदान तीनदा, ठरलेल्या वेळी, त्याच त्या माणसांत जाता येईल अशी एक जागा हवी, जिथे तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘का हो, बरे नव्हते का?’ असे विचारील. ही एकच कसोटी लावून जागा निवडावी.

अशा जागा आपल्याकडे आहेत. बहुतेक शहरांत वॉर्डावॉर्डांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, काही महापालिकांची विरंगुळा केंद्रे आहेत, देवळांत भजनी मंडळे आहेत, बागेत सकाळी प्राणायामाचे किंवा हास्यक्लबचे गट असतात. हास्यक्लब ही कल्पनाच मुळात मुंबईची, डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये अंधेरीच्या एका बागेत पाच माणसांना घेऊन ती सुरू केली. त्या हसण्याने प्रकृतीला काय फायदा होतो हा वाद बाजूला ठेवला, तरी रोज सकाळी त्याच झाडाखाली त्याच वीस चेहऱ्यांकडे पाहून खोटे का होईना हसावे लागते, यातच अर्धे काम झालेले असते.

संघांविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे. काही संघांत दर आठवड्याला मधुमेहावर नाहीतर मृत्युपत्रावर व्याख्यान असते, श्रोते ओळीने बसतात, टाळ्या वाजवतात आणि उठून जातात. अशा ठिकाणी वर्षभर गेले तरी ओळख होत नाही. काही संघ पुरुषांनीच भरलेले असतात आणि स्त्रियांना तिथे अवघडल्यासारखे होते. त्यांना भजनी मंडळ किंवा भिशी अधिक मानवते. म्हणून दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहावे आणि जिथे खुर्च्या गोलात मांडतात तो गट निवडावा. समितीच्या निवडणुकीत मात्र निदान पहिले वर्षभर पडू नये. तिथल्या राजकारणापुढे कधीकधी विधानसभा बरी.

पहिल्या दिवशी संकोच वाटतोच. त्यावर उपाय असा की वेळेच्या दहा मिनिटे आधी जावे. खरी बोलणी कार्यक्रमात होत नाहीत. सतरंजी अंथरताना, खुर्च्या मांडताना, माइक ‘हॅलो, हॅलो’ करून तपासताना होतात. त्या वेळी हात लावता येतो, आणि हात लावणाऱ्याला नाव विचारले जाते. घरी आल्यावर भेटलेल्या माणसांची नावे आणि त्यांच्याविषयी एखादी खूण वहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी ‘नातीची परीक्षा कशी झाली?’ असे विचारता येते. दुसऱ्या आठवड्यात एखादे काम मागून घ्यावे: हजेरीची वही, चहाचे पैसे गोळा करणे, वाढदिवसांची यादी. ज्याच्याकडे चहाचे पैसे असतात त्याची वाट सगळेच पाहतात.

धीर किती धरायचा, याचाही एक अंदाज आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि घट्ट मैत्रीला २०० तासांहून अधिक. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्याकडे हिशेब थोडा इकडेतिकडे होईल. पण रोज चाळीस मिनिटे बरोबर फिरणाऱ्यांना ५० तास पुरे व्हायला ७५ दिवस लागतात, आणि आठवड्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्यांना जवळजवळ सहा महिने. तेव्हा तीन दिवस जाऊन ‘तिथे आपल्यासारखे कुणी नाही’ असा निकाल देणारे लोक परीक्षेला बसण्याआधीच नापास होतात.

पत्नी गेलेल्या पुरुषांची अडचण वेगळीच असते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. बँकेत किंवा सरकारी खात्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला सहकारी असतात, मित्र थोडेच असतात, आणि नातेवाइकांशी असलेला सगळा व्यवहार, म्हणजे कुणाचे लग्न, कुणाचे बारसे, संक्रांतीला तिळगूळ कुणाकडे पाठवायचा, दिवाळीला भाऊबीज कुठे, हे पत्नीनेच सांभाळलेले असते. ती जाते तेव्हा तिच्याबरोबर तो सगळा गोतावळा निघून जातो. अशा वेळी तिची फोन नंबरांची डायरी काढावी आणि तिच्या बहिणींना, भावजयांना, मैत्रिणींना स्वतः फोन करावा. पहिला फोन कठीण जातो. ‘हिच्या डायरीत तुमचा वाढदिवस लिहिलेला होता’ एवढ्या एका वाक्यावर तो निभावतो, आणि पुढचे समोरचे माणूस बोलते.

स्त्रियांच्या वाट्याला दुसरा अडथळा येतो. हळदीकुंकवाला विधवेला न बोलावण्याची चाल अजून संपलेली नाही, आणि इमारतीतल्या स्त्रियांचा वर्षातला सर्वांत मोठा मेळावा नेमका तोच असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. शहरी सोसायटीला ठरावाचीही गरज नाही. हळदीकुंकू करणाऱ्या बाईने शेजारच्या काकूंना दारावरच्या सूचनेतून नव्हे तर स्वतः जाऊन ‘तुम्ही यायचेच आहे आणि वाण तुमच्या हातूनच द्यायचे आहे’ असे सांगितले की पुरे.

दारापलीकडचे दहा फूट

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. पहाटे त्यांच्या दाराच्या कडीला दूधवाला पिशवी अडकवतो. समोरच्या वहिनी मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडून पावणेआठला वर येतात आणि येताना त्या कडीकडे पाहतात. पिशवी तशीच असेल तर घंटा वाजवतात, घंटेला उत्तर नसेल तर फोन करतात, आणि फोनलाही नसेल तर त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. आजी रात्री आतून कडी लावत नाहीत, फक्त लॅच ओढतात, नाहीतर त्या किल्लीचा उपयोग शून्य. या सगळ्या व्यवस्थेला एक पैसा खर्च नाही. दोन वर्षांत किल्ली वापरण्याची वेळ आली नाही. घंटा मात्र चार वेळा वाजली, आणि त्यातल्या तीन वेळा आजी नुसत्या उशिरा उठल्या होत्या. चौथ्या वेळी त्यांना ताप होता.

अशी व्यवस्था करताना ‘जरा लक्ष असू द्या’ असे मोघम सांगू नये, कारण मोघम कामाची जबाबदारी कुणावरच येत नाही. वेळ, खूण आणि पुढची पायरी ठरवून सांगावी आणि मुलाचा नंबर देऊन ठेवावा. ‘कुणाचे उपकार नकोत’ हा आपल्या मध्यमवर्गीय पिढीचा बाणा इथे आड येतो. खरे तर छोटे उपकार घेणे हीच शेजार जोडण्याची रीत आहे. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही आपल्याकडची जुनी पद्धत हेच करते: तुम्ही त्यांच्याकडे आमटी पाठवता, वाटी चार लाडू घेऊन परत येते, आणि देणेघेणे कधीच फिटत नसल्याने जाणेयेणे चालू राहते. एकट्यासाठी कुकर लावण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी दोघांपुरती आमटी करून बघावी. डिस्पोजेबल डबा मात्र वापरू नये. तो परत करावा लागत नाही.

दूरच्या मुलांसाठी आणि त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्यांसाठी

वेळ मिळेल तेव्हा केलेल्या पाच फोनांपेक्षा ठरलेल्या वेळेचा एक फोन बरा, कारण ठरलेल्या वेळेची वाट पाहता येते आणि न ठरलेल्याची नुसती काळजी वाटते. आपल्याकडे सकाळचे ८ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७.३० आणि हिवाळ्यात ६.३० झालेले असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलतात, त्या आठवड्यात नवी वेळ आधी कळवावी. ‘जेवलीस का, औषध घेतलेस का’ या चौकशीतून संभाषण होत नाही, हजेरी होते. त्याऐवजी काहीतरी एकत्र करावे. आईने सांगावे आणि मुलाने तिकडे साबुदाणा भिजवावा, आजोबांनी नातीला रोज एक पान वाचून दाखवावे, वर्तमानपत्रातले शब्दकोडे दोघांनी मिळून सोडवावे. मुलांनी फिरण्याच्या गटातल्या दोघांची नावे माहीत करून घ्यावीत आणि त्यांच्याविषयी विचारावे. आईवडिलांनीही ‘सगळे व्यवस्थित’ हे शब्द महिनाभर वर्ज्य करून त्या दिवशी घडलेली एक गोष्ट सांगावी. काहीच घडले नसेल, तर नेमके तेच सांगावे.

व्हॉट्सॲपवर चाळीस जणांना फुलांचे ‘शुभ सकाळ’ पाठवणे हा संपर्क नाही. त्याच वेळात एका माणसाला त्याचे नाव घेऊन अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवावा. आणखी एक सावधगिरी: ज्याच्याशी दिवसभरात कुणी बोललेले नसते तो अनोळखी फोनवरही लांबलचक बोलतो, आणि हे भामट्यांना पक्के ठाऊक असते. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरूनच अटक, असा प्रकार कायद्यात नाही. पोलीस असल्याचे सांगून कुणी ‘फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका’ म्हणाले, तर फोन ठेवावा आणि शेजाऱ्याला सांगावे. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे.

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही, आणि एसटीने ही भेट स्वस्त केली आहे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास मोफत आहे, त्याआधीच्या दहा वर्षांतल्यांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्धे. महिन्यातून एक दिवस ठरवून चुलत बहिणीकडे, जुन्या शेजाऱ्याकडे, गावच्या घरी जाऊन यावे. मुक्काम करायलाच हवा असे नाही.

दिवेलागण आणि सणवार

एकट्या माणसाला दिवसातली सर्वांत जड वेळ विचारा. बहुतेक जण रात्र न सांगता संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ सांगतील. बाहेर दिवे लागलेले असतात, इतरांच्या घरांतून फोडणीचे आणि मुलांचे आवाज येत असतात आणि आपल्या घरात टीव्ही आपोआप सुरू होतो. म्हणून फिरण्याचा गट सकाळचा असला तरी दुसरे काहीतरी मुद्दाम या वेळेला ठेवावे: वाचनालयाची फेरी, खालच्या बाकावर बसणे, किंवा इमारतीतल्या एखाद्या मुलाचे पाढे घेणे. हे शेवटचे मला स्वतःला सर्वांत चांगले वाटते, कारण मुलाचे आईबाप कामावरून परतण्याची हीच वेळ असते आणि दोन्ही घरांची गरज एकदमच भागते.

सणांची व्यवस्था निदान पंधरा दिवस आधी करावी. दिवाळीच्या पहाटे एकट्याने उटणे लावून अंघोळ करणे किती कठीण असते हे ज्याने केले आहे त्यालाच कळते, आणि त्या दिवशी सकाळी कुणी आयत्या वेळी बोलावले तरी ‘नको, तुमचे तुम्ही करा’ हेच तोंडून निघते. त्याऐवजी आधीच आपण बोलावावे. फराळाचे सगळे पदार्थ घरी करण्याचा अट्टहास सोडून फक्त चिवडा करावा, फिरण्याच्या गटातल्या आणखी दोघा एकट्यांना नरकचतुर्दशीला सकाळी साडेसातला या म्हणून सांगावे, आणि एकाला करंज्या, दुसऱ्याला चकली आणायला सांगावी.